लाल रंग कुणाला?

आमच्या शेजारच्या फरहानाला सुपरकॉम्प्युटरचं भारी वेड. आर्णीत, वडिलांच्या गॅरेजवरच्या खोलीत बसून ती जगभरच्या लोकांबरोबर एक खुलं, फुकट सॉफ्टवेअर बनवते. हजारो प्रोसेसर एकत्र राबतात तेव्हा वेळ कुठे वाया जातो, हे ते चित्रातून दाखवतं. कोणता प्रोसेसर नुसताच थांबून आहे ते दाखवायचा भाग तिचा. थांबलेल्यांना लाल रंग दे, हा सल्ला माझा. छत्तीस वर्षं कचेरीत काढली मी. रिकामा बसलेला माणूस दिसला की आजही माझं डोकं फिरतं.

शुक्रवारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघणार होती. मंगळवारी फरहाना रडवेली होऊन आली.

"वामनकाका, जर्मनीतल्या तपासणाऱ्यानं माह्या कामावर तेवीस शेरे मारले. मी वापसच घेते सगळं."

"खबरदार!" मी ओरडलोच. "अवं, ज्या फाईलीचं काही करायचं नसते, तिच्यावर 'चर्चा करावी' एवढंच लिहितेत अन् देतेत ठेवून. तेवीस शेरे म्हणजे त्यानं ओळ न् ओळ वाचली. एकेकाचं उत्तर लिही!"

दोन दिवस आम्ही क्रमांक टाकून उत्तरं लिहिली. सतराव्या शेऱ्यावर अडलो. थांबलेल्यांना लाल का, दोष त्यांचा आहे का, असं त्यानं विचारलं होतं.

"बसलेला तो बसलेलाच!" मी तावातावानं म्हणालो.

ज्याच्यामुळे बाकीचे थांबले त्याला फरहानानं लाल रंग दिला आणि चाचणी पुन्हा चालवली. हजारभर प्रोसेसर थांबलेले आणि लाल ठिपका एकच. सगळं काम त्याच्याकडे तुंबलं होतं.

मला माझी कचेरी आठवली. तिथं हाताखालच्या देवसिंगला मी रोज झापायचो, हातावर हात धरून काय बसलास म्हणून. त्याला हवी असलेली फाईल माझ्याच टेबलावर पडलेली असायची.

शुक्रवारी दुपारी फरहाना जिना उतरत ओरडली, "घेतलं काका, माहं काम घेतलं!" खाली गॅरेजात तिच्या वडिलांनी, अय्यूबभाईंनी, हातातला पाना टाकून दिला आणि तेलकट हातांनीच पोरीला जवळ घेतलं. मला आनंदानं भरून आलं. त्या भरात देवसिंगची गोष्टही मी सांगून टाकली.

"मंग लावा न त्यायले फोन," फरहाना म्हणाली.

लावला. माफी मागितली. देवसिंग पोट धरून हसला.

"साहेब, आमाले तं तवाच मालूम होतं. तुमची सही होयेपर्यंत आमी आरामात चहा पेत बसत होतो."