अर्धी राहिलेली फेरी

मी एक जुना बास्केटबॉल आहे. बाई गेल्याचे कळले तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात चिमणीच्या मांडीवर होतो. चिमणी म्हणजे आमच्या संघातली सर्वांत बुटकी आणि सर्वांत चपळ मुलगी. बाई म्हणजे मुलींच्या कोच. त्यांचे यजमान, ज्यांना सगळ्या मुली काका म्हणतात, दार ढकलून बाहेर आले आणि एवढेच म्हणाले, "जा गं बाळांनो घरी. तुमच्या बाई गेल्या."

चिमणीचे हात सैल पडले. मी फरशीवर आपटलो, उसळलो, पुन्हा आपटलो. माझा आवाज मलाच नकोसा झाला. भिंतीला टेकून एकदाचा थांबलो. तेवढ्यात कॅप्टन रडता रडता चिमणीला बोलून गेली, "तुझे शेवटचे दोन फ्री थ्रो हुकले ना, त्याचाच धक्का बसला बाईंना."

चिमणी उठली आणि चालू लागली. तिच्या मागे कोणी गेले नाही. मला काकांनी उचलले.

मित्रांनो, मी जन्मलो कारखान्यात. रबराच्या पिशवीवर दोरा गुंडाळून, वर चामड्याचे तुकडे चिकटवून मला घडवले. दुकानात माझ्याबरोबर चकचकीत बॉल पुष्कळ होते. बाईंनी प्रत्येकाला एकदा आपटून पाहिले आणि मला काखेत मारले. "हा सरळ उसळतो," त्या म्हणाल्या. माझे एवढे कौतुक त्यानंतर कोणी केले नाही.

काकांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. माझा व्हॉल्व्ह थोडा गळतो, म्हणून दर शनिवारी काका माझ्यात हवा भरत. पंपाची पिन थुंकीने ओली करत.

"अहो, पाण्याने करा की! मुली हाताळतात तो."

"पाणी आणायला उठणार कोण?"

"मीच उठते," असे म्हणून बाई वाटी आणून ठेवत. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

बाईंच्या संघात एक रीत होती. सामना गमावला की मुलींनी मैदानातच गोल करून बसायचे. मी हातोहात फिरायचो. जिच्या हातात मी, तिने फक्त आपली चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, आणि कारणही नाही. "कारणं घरी ठेवून या," बाई म्हणत. पहिली पाळी कॅप्टनची. जिंकल्यावर कॅप्टनने सर्वांत शेवटी पाणी प्यायचे आणि हरल्यावर सर्वांत आधी बोलायचे, हे त्यांचे ठरलेले होते. शेवटची पाळी स्वतः बाईंची. ती झाल्याशिवाय कोणी उठत नसे.

एकदा उंच मुलगी म्हणाली, "मी समोरच्या मुलीचे बूट बघत बसले."

"चांगले होते का?" बाईंनी विचारले.

"फार चांगले होते, बाई."

सगळ्या हसल्या. मीही हातांमधून हलका होऊन पुढे गेलो. चूक एकदा बोलून झाली की ती त्या एकट्या मुलीची राहत नसे. पुढचीच्या हातात जाई, तिच्याकडून तिच्या पुढचीच्या. बाईंनी संघ बांधला तो असा.

शेवटच्या सामन्यानंतरही फेरी सुरू झाली. मी चिमणीच्या हातात आलो. तिने मला पोटाशी धरले, तोंड उघडले, आणि पलीकडे बाई कोसळल्या. धावपळीत तिने मला सोडले नाही. दवाखान्यापर्यंत तशीच घेऊन आली.

नंतर काकांनी मला घरी नेले आणि दारामागच्या खिळ्याला पिशवीत टांगले. शनिवार आला, गेला. काकांनी पंपाला हात लावला नाही. ते दुकान उघडत, दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरत, घरी येऊन एकाच माणसाचा भात टाकत आणि तोही उरत असे. मी मऊ पडत गेलो. माझ्या अंगावर सुरकुती आली. मित्रांनो, बॉलला मरण कसे येते ते मला तेव्हा समजले. कोणी फोडायला लागत नाही. कोणी बघितले नाही, की पुरते.

मग एका दुपारी मुली दारात उभ्या राहिल्या. "काका, बॉल द्या," कॅप्टन म्हणाली. "फेरी अर्धी राहिली आहे. आणि चिमणी येईनाशी झाली आहे. घरातूनच बाहेर पडत नाही."

"तो कोणाला मिळायचा नाही," काका म्हणाले. "तुमच्या बाईंचा हात लागलाय त्याला."

कॅप्टन तिथेच उंबऱ्यावर बसली. "काका, मी तिला बोलले. दवाखान्यात. माझ्यामुळे ती गप्प झाली आहे."

 मग काकांनी मला खाली काढले. पंप आणला. पिन तोंडाशी नेली, थांबले, आणि आत जाऊन वाटीत पाणी घेऊन आले.

अंगणात गोल बसला. चिमणीची जागा मोकळी ठेवली. कॅप्टनने मला धरून तीच गोष्ट सर्वांसमोर सांगितली. मी फिरत फिरत बाईंच्या जागी बसलेल्या काकांकडे आलो.

"मी हवा भरली नाही," काका म्हणाले. मला पुढे द्यायचे सोडून त्यांनी घट्ट धरले. "डॉक्टर म्हणाले, तुमच्या बाईंचं हृदय कधीपासून थकलेलं होतं. तिला ठाऊक होतं. मला सांगितलं नाही, तुम्हाला नाही. त्या पोरीच्या थ्रोचा काही संबंध नाही. तुमच्या बाईंची चूक काय, ते मला माहीत आहे. पण दुसऱ्याची सांगायची नाही, असा नियम आहे ना?"



त्याच संध्याकाळी काकांनी मला सायकलच्या कॅरियरला बांधले आणि कॅप्टनला बरोबर घेतले. चिमणीचे दार तिच्या आईने उघडले. आतली खोली बंद होती. काका बंद दारापाशी जमिनीवर बसले आणि डॉक्टरांचे शब्द पुन्हा एकदा सांगितले. कॅप्टननेही बाहेरून माफी मागितली. दार उघडले नाही. आई म्हणाली, "जेवतही नाही हो."

काकांनी मला तिथेच उंबऱ्याशी ठेवले. दर शनिवारी ते येऊन हवा भरतात आणि दाराशी बोलून जातात. मित्रांनो, तुमच्यातला कोणी हरला तर त्याला एकट्याला चालू देऊ नका. मागून जा. त्याच क्षणी जा. नंतर दार लागते.

बाईंची पाळी आता कधीच होणार नाही. चिमणीची अजून राहिली आहे.