कोपरं दाखवा

घराबाहेर पडताना मी अजून आरशासमोर उभी राहते, दोन्ही हात वळवते आणि कोपरं बघते. किल्ली, चष्मा, रुमाल हे सगळं नंतर. माझी नातवंडं हसतात. "आजी, कोपरांना काय लागलंय?" विचारतात. काही लागलेलं नसतं. पण ज्यांनी कधी मेणाने वर्तमानपत्राची पानं लावली आहेत, त्यांना ही सवय समजावून सांगावी लागत नाही.

आता ती पद्धतच राहिली नाही. आमच्या शाळेच्या वर्तमानपत्राच्या खोलीत तेव्हा मेणाचं एक यंत्र होतं. मजकुराच्या पट्ट्या कापायच्या, यंत्रातून काढायच्या, म्हणजे पाठीला गरम मेणाचा पातळ थर बसायचा, आणि मोठ्या कोऱ्या पानावर जागेवर ठेवून दाबायच्या. चुकलं तर उचलून दुसरीकडे लावता यायचं, हा त्या मेणाचा गुण. आणि तोच त्याचा दोष, कारण पट्टी पानावरून उठून कुणाच्याही अंगाला चिकटायची. एका मुलीने तर सबंध अग्रलेख स्वेटरवर घेऊन चर्चमध्ये प्रार्थना म्हटली होती. म्हणून काम संपलं की आमच्या ओडेलबाई दारात उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "कोपरं दाखवा!" आम्ही रांगेने कोपरं दाखवून बाहेर पडायचो. बुटांचे तळसुद्धा.

बाहत्तर सालचा नोव्हेंबर होता. शेतांत मका काढणं चालू होतं आणि नेब्रास्काचा वारा सुटला होता, जो आमच्याकडे एकदा सुटला की मार्चपर्यंत थांबत नाही. विद्यार्थी पत्रकारांचं राष्ट्रीय अधिवेशन त्या वर्षी शिकागोला होतं, आणि आमच्या शाळेची पोरं पहिल्यांदाच जाणार होती. मी, माझी मैत्रीण रोझाली क्रुमेल आणि आणखी चौघं.

तयारी उन्हाळा संपल्यापासून चालली होती. बसच्या भाड्यासाठी आम्ही प्रत्येक फुटबॉल सामन्याला कोलाचे, म्हणजे मधे गोड सारण घातलेले पाव, विकले. माझी आई आणि रोझालीची आजी यांच्यात खसखशीचे चांगले की जर्दाळूचे, यावरून अबोला झाला. अधिवेशनात ऐनवेळी विषय देऊन लिहायला लावतात, म्हणून ओडेलबाई आमच्याकडून सराव करून घ्यायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मिसेस ब्लाहांना पाहुण्या वक्त्या म्हणून खुर्चीवर बसवायच्या आणि आम्हाला प्रश्न विचारायला सांगायच्या.

"मिसेस ब्लाहा, चिलीबरोबर दालचिनीचा रोल का देतात?" एकदा रोझालीने विचारलं. चिली म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि आमच्या शाळेत त्याच्याबरोबर खरंच गोड रोल मिळायचा.

"मग काय तुझं डोकं द्यायचं?" मिसेस ब्लाहा म्हणाल्या.

"लिहून घ्या, लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "हेच बातमीचं पहिलं वाक्य."

माझ्यासाठी हे अधिवेशन म्हणजे नुसती सहल नव्हती. बाबांनी माझं पुढचं ठरवून टाकलं होतं. शाळा संपली की गावातल्या धान्य सहकारी संस्थेच्या कचेरीत नोकरी, मक्याच्या ट्रकांचं वजन करायचं. वाईट काही नव्हतं त्यात, माझी मावशी तेच करायची. पण बाईंनी शिकागोच्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेला माझे लेख पाठवले होते. ती अधिवेशनाला येणार होती आणि मला भेटायला तयार होती. शिष्यवृत्ती तिच्या हातात होती. बाबा म्हणाले होते, "जा, भेट तिला. ती घेते म्हणाली तर मी आड येणार नाही. पण नाही गेलीस, तर मग हा विषय परत काढायचा नाही." माझ्या बाबांचं बोलणं असंच असायचं, फाटक लावून कडी घातल्यासारखं.

आणि ते फाटक उघडायचं होतं ते आमचे मुख्याध्यापक हॅगेमनसर यांच्या सहीने.

मागच्या वर्षी आम्ही शाळेच्या गळक्या छपराबद्दल लिहिलं होतं, बादल्यांच्या फोटोसकट. त्यावरून शाळा-मंडळाच्या बैठकीत सरांना बरंच ऐकावं लागलं. त्यामुळे या वर्षी त्यांनी अंक छापण्याआधी वाचायला मागितला. ओडेलबाईंनी साफ नकार दिला. "छापण्याआधी कुणालाच नाही. गव्हर्नर आले तरी नाही." शेवटी तोड निघाली ती अशी, की छापलेला पहिला अंक सरांच्या हातात पडेल, आणि तो वाचून मगच ते आमच्या परवानगीच्या कागदावर सही करतील. अधिवेशनात प्रत्येक शाळा आपला ताजा अंक स्पर्धेत ठेवते, तोच हा अंक. बस दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती.

आता हॅगेमनसरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सर केसांचा टोप घालायचे. तपकिरी, नीट भांग पाडलेला, सुंदर टोप. सगळ्या गावाला ते माहीत होतं आणि सगळ्या गावात कुणीही, कधीही, त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा नाही. सर दर महिन्याला तिथे जाऊन कानामागचे केस कापून घ्यायचे आणि न्हावी गंभीरपणे विचारायचा, "वरून थोडे कमी करू का?"

पान तीनवर सरांचा मोठा फोटो होता. शरदातल्या मोठ्या सामन्याच्या दिवशी मैदानावर ते मुलांनी निवडलेल्या त्या वर्षीच्या राणीला, मार्सी डोब्रोव्स्कीला, मुकुट घालत होते. वारा असा की मार्सीचे केस सरळ आडवे उडत होते. शेजारी उभे आहेत ते मार्सीचे आईवडीलच का, हे तपासायचं राहिलं होतं, म्हणून फोटोओळ, म्हणजे फोटोखालचा मजकूर, उशिरा येणार होती. अशा वेळी जागा धरून ठेवायला खोटी ओळ लावायची पद्धत होती. बाईंचा दंडक होता, खोट्या ओळीत नुसत्या फुल्या मारायच्या. पण रोझालीचा हात फुल्यांवर थांबणारा नव्हता. तिने टंकलं: "मुकुट मार्सीच्या डोक्यावर, टोप हॅगेमनसरांच्या. वारा आधी कोणता नेतो? पैज लावा!"

मेण लावून, बरोबर फोटोखाली, सरळ रेषेत चिकटवलं. आम्ही पोट धरधरून हसलो. नंतर ती काढून खरी ओळ लावायची होती, इतकंच.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी, सकाळीच बाई पानं घेऊन शेजारच्या गावातल्या छापखान्यात गेल्या. बॉयलर बंद होता, खोली गारठली होती, म्हणून त्यांनी लोकरी कोट अंगात चढवूनच पानं एकावर एक रचली, छातीशी धरून खोक्यात ठेवली आणि गाडी काढली.

दुपारच्या जेवणाला चिली होती. रोझालीने ताटाशेजारी दप्तर उघडलं आणि तिचा हात तसाच राहिला. गणिताच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला एक पट्टी चिकटली होती. तिने ती मला दाखवली. "मुख्याध्यापक हॅगेमन राणी मार्सी डोब्रोव्स्की हिला मुकुट घालताना. शेजारी तिचे आईवडील."

खरी ओळ. इथे.

"मग पानावर काय आहे?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"लोरेटा," रोझाली म्हणाली, "मी मेले."

"तू एकटी नाही मेलीस. मी पण मेले. मी जन्मभर ट्रक मोजणार आता!"

"मला वाटलं, मी लावली. हातात घेतलेली आठवते, मग आजी कोलाचेंची टोपली घेऊन दारात आली, आणि..."

"आजीवर ढकलू नकोस."

छापखान्याला फोन करायचा तर फोन एकच, सरांच्या कार्यालयाबाहेर, चिटणीस मिसेस फायफर यांच्या टेबलावर. आम्ही धावलो.

"छापखान्याला? कशाला गं?" मिसेस फायफरनी चष्म्यावरून बघितलं.

"पान तीन थांबवायचंय," मी म्हणाले.

"काय आहे पान तीनवर?"

"सरांचा फोटो," रोझाली म्हणाली.

"अय्या! मग थांबवायचं कशाला? चांगला नाही आला का?"

"चांगला आलाय. फारच चांगला आलाय."

तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला, "कोण आहे?" आणि रोझालीने उचललेला फोन खाली ठेवला. काय बोलणार होतो आम्ही त्यांच्यादेखत? "नमस्कार, तो टोपाचा मजकूर तेवढा काढा"?

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ओडेलबाईंची हिरवी गाडी आवारात शिरत होती. मागच्या खिडकीतून गठ्ठे दिसत होते. छापून झालं होतं.

सर स्वतः बाहेर आले. "चला, गठ्ठे उचलायला मदत करू," म्हणाले. स्वभावाने माणूस वाईट नव्हता, हे मला त्या क्षणीच नेमकं जाणवायला हवं होतं का, कोण जाणे. बाई धापा टाकत आत आल्या, कोटाची बटणं लावलेली, नाक लाल. छपाई चालू असताना त्या नेहमी बाहेर गाडीत बसून निबंध तपासायच्या. अंक उघडूनही पाहिला नव्हता त्यांनी. सरांनी वरच्या गठ्ठ्याची दोरी सोडली आणि पहिला अंक घेतला.

पहिलं पान त्यांनी उभ्याने वाचलं. "हं." उलटलं. दुसऱ्या पानावर माझा लेख होता, गावातली धान्याची जुनी कोठारं. तो त्यांनी सगळा वाचला. मान हलवली. रोझालीने माझ्या हाताला नखं रुतवली. मला आठवतं, मी मनातल्या मनात सहकारी संस्थेच्या कचेरीतली मावशीची खुर्ची बघत होते, तिच्यावरची ती विणलेली उशी.

सरांची नजर पान तीनवर आली. थांबली. भुवया जवळ आल्या. त्यांनी अंक डोळ्यांजवळ नेला.

"मिस ओडेल," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"काय सर?"

"या फोटोखाली काहीच नाही."

रोझालीच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. बाई पुढे झाल्या. मीही मान लांब करून पाहिलं. सरांचा फोटो, मार्सीचे उडणारे केस, आणि खाली एक पांढरीशुभ्र मोकळी पट्टी. इतकी सुंदर मोकळी जागा मी आयुष्यात पाहिलेली नाही.

"मुलीचं नाव नाही! तिची आई आज मला फोन करील. आणि ही कोण, मी कुणाच्या डोक्यावर काय ठेवतोय, परगावच्या माणसाला कसं कळणार?"

"सर, खरी ओळ माझ्याकडे आहे," रोझाली एका दमात म्हणाली. "आम्ही सगळ्या अंकांवर हाताने लिहून देतो. आत्ता. एकूण एक."

सरांनी जरा विचार केला. "सुवाच्य?"

"एकदम सुवाच्य!"

"बरं. कागद कुठे आहे तो?"

बाईंनी परवानगीचा कागद पुढे केला. त्यासाठी हात लांब केला, आणि मला दिसलं. त्यांच्या लोकरी कोटाच्या उजव्या कोपरावर एक पांढरी पट्टी होती. मजकूर बाहेरच्या बाजूला. सर सही करायला वाकले होते, आणि "मुकुट मार्सीच्या डोक्यावर" हे शब्द त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर होते.

सकाळपासून बाई ती पट्टी मिरवत होत्या. छापखान्यात, गाडीत, वाटेत कॉफी प्यायला थांबल्या असतील तर तिथेही. सगळ्यांची कोपरं बघणाऱ्या बाईंची कोपरं कधी कुणी बघितलीच नव्हती.

मी पुढे झाले आणि त्यांचं कोपर घट्ट पकडलं. "बाई, किती गारठलात तुम्ही!"

"अगं, हात काय धरतेस? सर सही करतायत!"

"गारठलाय हो हात!" म्हणत मी कोपर चोळलं आणि पट्टी तळहातात चुरगाळली. मेण हाताला चिकटलं. सरांनी सही केली, खाली तारीख घातली, टोपी घेतली आणि मिसेस फायफरना म्हणाले, "फोटो खरंच बरा आलाय."

ते बाहेर पडले, दार बंद झालं आणि रोझाली सरळ जमिनीवर बसली. मला हसू येत होतं की रडू, मला कळत नव्हतं. छातीवरून धान्याचं पोतं उतरावं तसं हलकं वाटत होतं.

ओडेलबाईंनी दार नीट लागलंय का ते बघितलं. मग माझ्यापुढे हात पसरला. "दाखव."

मी मूठ उघडली. त्यांनी पट्टी उलगडली, वाचली, घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. "अंक लिहायला घ्या," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत आम्ही सहाही जणांनी बोटं दुखेपर्यंत लिहिलं. शिकागोला परीक्षकांनी आमच्या अंकावर शेरा दिला तो असा: मांडणी साधारण, हस्ताक्षर उत्तम. आणि ती प्राध्यापिका भेटली. तिने माझा कोठारांवरचा लेख स्पर्धेतल्या अंकात आधीच वाचला होता. पुढचं सगळं, नोकरी, चाळीसेक वर्षं वर्तमानपत्रात, त्या भेटीतून निघालं.

पण मला आठवते ती निघायची सकाळ. बस शाळेसमोर उभी. वारा असा की आमच्या आयांचे रुमाल हातात राहत नव्हते. बाबांनी माझी बॅग वर चढवली आणि म्हणाले, "तिच्याशी नीट बोल. मान खाली घालू नकोस." हॅगेमनसर पायरीवर आम्हाला निरोप द्यायला आले होते. एक हात वर करून ते हलवत होते, आणि दुसरा हात डोक्यावर गच्च दाबून धरलेला.

रोझालीने तोंड उघडलं.

"नाही, रोझाली," ओडेलबाई पुढच्या बाकावरून, मागे न बघता म्हणाल्या.

"मी काही बोलले का, बाई?"

"मी वाचलंय तू काय बोलणार ते." बस सुरू झाली. थोडं अंतर गेल्यावर, सर दिसेनासे झाल्यावर, बाई म्हणाल्या, "मी पैज मुकुटावर लावली असती. तो टोप इतक्या वर्षांत एकदाही हललेला नाही."

सगळी बस हसत होती. मग त्या उठल्या, आमच्याकडे वळल्या आणि कोट अंगात असताना जमेल तेवढी दोन्ही कोपरं वर करून उभ्या राहिल्या.

"बघा," म्हणाल्या. "नीट बघा."

आम्ही बघितली. काही नव्हतं.