गाडीच्या पोटातलं पाणी

आमच्या जीपच्या काट्यानं दिवाळीपासून एक खोड धरली होती. गोडादऱ्यातल्या घरून निघालं की कडोदऱ्यापर्यंत शहाण्यासारखा मध्ये उभा राहायचा आणि बारडोलीकडच्या उसाच्या शेतांत शिरलो की सरळ लाल रेघेवर जाऊन बसायचा. इंजिन तापलं! मग मी आणि माझी मुलगी चंचल बांधावर बसून ते निवायची वाट बघायचो.

तिकडे ऊसतोडीच्या पडावांवर मी साड्या विकते. कुठे एखादी रेघ चुकलेली, कुठे काठ जरा हललेला, पण नेसल्यावर कुणाला कळणार नाही अशा. तोडणीच्या बायांना बाजारात जायला सवड नसते, म्हणून मी बाजार त्यांच्याकडे नेते. वाट म्हणजे नुसता चिखल. एकदा रिक्षा घालून बघितली, ती बैलांनी बाहेर काढली. चारही चाकं ओढणारी ही म्हातारी डिझेल जीप आहे म्हणून माझा धंदा आहे.

कडोदऱ्याच्या हिलाल मिस्त्रीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"ताई, जुनं कूलंट काढून बघा. हिरवं निघू दे, गंजाचं निघू दे, हरकत नाही. पण दुधाच्या चहासारखं निघालं तर समजा ऑइल पाण्यात मिसळलं. इंजिन गेलं. मग त्या गाडीवर जीव लावू नका. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. भंगारवाला आहे, पण प्रेमळ आहे."

रविवारी सकाळी चंचल पोतं अंथरून जीपखाली शिरली. हे सगळं ती मोबाइलवर बघून शिकली. मागे एका स्थळानं विचारलं होतं, पोरीला काय काय येतं? मी खरं ते सांगितलं. ते परत आले नाहीत.

उखामामा दारातल्या खाटेवर होते. हे माझे सख्खे मामा. आयुष्यभर सायझिंगमध्ये काम केलं. मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या धाग्याला खळ पाजतात, त्यानं धागा कडक होतो, तुटत नाही. ती खळ शिजवणारे आणि पाजणारे मामा. आता घरी असतात, आणि जीपचं पाणी बघायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय. एरवी सतरा सूचना करतात. त्या दिवशी मात्र आमच्याकडे पाठ फिरवून बसलेले.

"टब सरकव, आई," चंचल खालून म्हणाली आणि तिनं रेडिएटरची चावी सोडली.

आधी काहीच नाही. मग एक थेंब. मग धार लागली, आणि मी वाकलेली तशीच राहिले. माझा जन्म रंगांत गेला, पण असा हिरवा माझ्या एकाही गठ्ठ्यात नव्हता. उन्हात धरलेल्या काचेच्या बांगडीसारखा, आतून उजळलेला. मला वाटायचं, इंजिनाच्या पोटात फक्त आग असते. आणि इतकी वर्षं त्या आगीला खेटून हे वाहत होतं, आम्हाला चिखलातून पार नेत होतं, एका शब्दानं न सांगता. नकळत माझे हात जोडले गेले.

"आई, पूजा नंतर. आता इंजिनाचा बोल्ट खोलते."

तिथून आधी गंजाचं तांबूस आलं. मग धार जाड झाली, फिकी झाली.

"आई."

"बघतेय."

"चहा."

"दिसतोय गं मला."

चंचल बाहेर आली आणि चाकाला टेकून बसली. घरात साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत लागलेले, हंगाम नुकता सुरू झालेला. पडावावरच्या एका बाईनं लेकीच्या हळदीसाठी पिवळी सांगून ठेवली होती. ती कशानं पोचवायची? त्या पाण्यानं बरबटलेले हात मी साडीच्या चिंधीला पुसले, चिंधी बॉनेटवर टाकली. तेवढ्यात गल्लीतला कुत्रा टबाला तोंड लावायला आला. ते पाणी गोड लागतं आणि जनावर मरतं. त्याला हाकललं, टब झाकला, उरलेलं डब्यात भरून ठेवलं. हे होईस्तोवर ऊन चांगलं वर आलं.

चिंधी उचलायला गेले तर ती उभीच राहिली. टाकली होती तशी, चुण्यांसकट, पापडासारखी कडक. मोडली तर कर्रकन वाजली.

तेलकट चिंधी कधी कडक होईल का? असलं कडक कापड आमच्या घरात एकाच गोष्टीनं व्हायचं.

"चंचल, हे ऑइल नाही. ही खळ आहे."

दोघींनी एकदमच खाटेकडे बघितलं.

"थोडीशीच टाकेल व्हती," मामा भिंतीकडे बघत म्हणाले.

"मामा! रेडिएटरमध्ये खळ?"

"टपकी ऱ्हायनं व्हतं. धागाले पाजी तं धागा धरस. मी म्हनं, लोखंडले बी धरी."

"मग धरलं का?"

"धरं ना! टपकनं बंद व्हयनं!" क्षणभर त्यांची मान ताठ झाली, मग परत खाली गेली. "तुम्ही चहा-चहा करी ऱ्हायन्यात. माले वाटनं, मीच मारी टाकी गाडी."

चंचल आधी हसली, मग जाऊन त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली. "आजोबा, गळती बुजवलीत, आणि खळ इंजिनाच्या तळाशी बसून आतल्या सगळ्या नळ्याही बुजल्या."

"मंग गरम पानी घाल. थंडा पानीले ती सोडत नही."

मामा उठले. दुपारपर्यंत बंबातलं पाणी तेच आणून देत होते. भरायचं, इंजिन चालवायचं, निवू द्यायचं, सोडायचं. दर खेपेला चहातलं दूध कमी होत गेलं. शेवटी जे आलं ते इतकं नितळ, की टबाच्या तळाचे ओरखडे दिसले. खळ गेल्यावर खालच्या पाइपाच्या जोडातून पुन्हा टपकायला लागलं. चंचलनं तिथे नवी पट्टी आवळली आणि नवं कूलंट भरलं.

हिलालला फोन केला. "त्या प्रेमळ माणसाला सांग, नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मामा मध्ये. कडोदरं मागे पडलं, उसाची वाट लागली, चंचलनं छोटा दांडा ओढला आणि चारही चाकांनी चिखल धरला. मामांचं आणि माझं बाहेर लक्षच नव्हतं. काटा मध्ये होता. चाक एका खड्ड्यात गेलं, इंजिन गुरगुरलं, काटा लाल रेघेकडे हलला, आणि परत मध्ये येऊन उभा राहिला. समोरच्या त्या तापलेल्या लोखंडात आता नवी हिरवी धार पळत असणार. ती दिसत नव्हती, तरी मी तिच्याकडेच बघत होते.

पडावाची पालं दिसली. चंचलनं इंजिन बंद केलं तरी कुणी उतरेना. मामांनी हात लांब करून काट्याच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली.

हळदीची साडी आणली का बघायला त्या बाईनं बाहेरून दारावर थाप मारली.

"सरलाबाई, पिवयी लई उनी का वं?"