तिसऱ्या पिस्टनची कड

देवानंदचं अमरावतीत बडनेरा रोडला गॅरेज आहे. गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढत त्याने चार वर्षं स्वतःची जुनी सेडान घडवली. आधी इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो, मग त्याला पुरेल इतकं पेट्रोल देणारे इंजेक्टर, मग दणकट पिस्टन, क्लच, ब्रेक. दीडशे हॉर्सपॉवरची गाडी त्याला चारशेवर न्यायची होती.

ट्यूनिंग, म्हणजे लॅपटॉपवरून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि पेट्रोलचे आकडे जुळवणं, अकोल्याच्या भावनाताईंकडे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये गाडी रोलरवर पळवून ताकद मोजता येते. जानेवारीत आकडा तीनशे चाळीसवर गेला आणि ताईंनी लॅपटॉप मिटला.

"ताई, इंजिन तर मस्त चालून राहिलं. बूस्ट वाढवा ना अजून."

"आज हवा थंडी आहे. मे महिन्यातली हवा टर्बोतून अजून तापून आत जाईन, तवा पेट्रोल येळेआधीच भडकन. उन्हाळ्यात या, मंग पाहू."

देवानंदने मान हलवली. पण फेब्रुवारीत त्याने स्वतःच बूस्ट थोडा वाढवला. काही झालं नाही. मार्चमध्ये आणखी वाढवला.

मे महिन्यात त्याचे वडील उत्तमराव शेंदूरजनाघाटहून आले. दोघं एका साखरपुड्यासाठी भरदुपारी तिवश्याला निघाले. ट्रक मागे टाकायला देवानंदने पाय पूर्ण दाबला. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, मागे निळा धूर निघाला आणि गाडीतला जीवच गेला.

"काय झालं?"

"इंजिन गेलं, बाबा."

"काहून?"

देवानंद उतरून बॉनेट उघडायला लागला. त्याने ताईंना फोन करून फक्त इंजिन गेल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी अकोल्याला न्यायला ट्रकवर चढवण्याआधी त्याने बूस्ट गुपचूप जुन्या आकड्यावर आणून ठेवला. उत्तमरावही सोबत निघाले. मूर्तिजापूरला चहा पिताना त्यांनी विचारलं, "सकाळी गाडीत बसून काय फिरवून राहिला होता?"

देवानंदने सगळं सांगितलं.

"हे तिले सांग," उत्तमराव म्हणाले. "नाईतर ते बिचारी आपलीच चूक शोधत बसन."

अकोल्यात गाडी उतरायच्या आधीच देवानंदने ताईंना सांगून टाकलं.

"कालपासून मी माह्याच आकड्यांत चूक शोधून राहिली होती, देवानंदभाऊ," त्या म्हणाल्या.

त्याला वर बघवेना. ओरडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. पण त्यांनी पाने काढले आणि दोघं इंजिन खोलायला लागले. तिसऱ्या पिस्टनची कड वितळली होती, सिलिंडरवर ओरखडे होते.

पावसाळा, हिवाळा दुरुस्तीत गेला. टर्बोची तापलेली हवा गार करायला पुढे मोठा इंटरकूलर बसवला. पुढच्या मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत, ताईंनी भरदुपारी गाडी रोलरवर घेतली. तीनशे बासष्ट.

"हिवाळ्यात चारशे निघन," त्या म्हणाल्या. "तवाचं येगळं सेटिंग करून देऊ."

चारशेचा आकडा देवानंदच्या मनातून गेला नव्हता. तरी तो म्हणाला, "आधी वर्षभर हे चालवू द्या मले."

परतताना यंदाही सोबत आलेले उत्तमराव शेजारी बसले होते. बोरगाव मंजूच्या पुढे रस्ता मोकळा लागला.

"पळव ना थोडी," ते म्हणाले.

देवानंदने पाय दाबला. उत्तमराव सीटला चिकटले, दाराची मूठ घट्ट धरली, आणि मग मोठ्याने हसायला लागले.