सत्तेचाळीस नंबर कुणाच्या पोटात?

मी सत्तेचाळीस नंबरचा टॅग बोलतोय. औषधाच्या कॅप्सूलएवढा आहे. माशाच्या पोटात बसायचं आणि दर मिनिटाला पाण्यात ‘सत्तेचाळीस, सत्तेचाळीस’ अशी हाक द्यायची, एवढंच माझं काम.

माझ्या अंगावर एक खास लेप असतो. माझ्या माशाला दुसऱ्या कुणी गिळलं, की त्याच्या जठरातल्या आम्लाने लेप विरघळतो आणि माझी हाक बदलते : ‘सत्तेचाळीस खाल्ला गेला.’ कारखान्यातल्या लेपवाल्या बाईंनी मात्र मला दोनदा बुडवलं. “हा फारच बारका दिसतोय,” म्हणाल्या. आणखी बऱ्याच जणांना त्या असंच म्हणाल्या. त्यांच्या मायेने पुढचा सगळा घोळ झाला.

संशोधक ताईंनी मला एका वीतभर माशाच्या पोटात ठेवलं, दोन टाके घातले आणि त्याला धरणाच्या वरच्या अंगाला सोडलं. असे आम्ही साठ जण. धरणाच्या दारातून उतरून समुद्राकडे जायचं होतं. पण दाराखाली मोठे मासे टपून असतात. लहानांसाठी वेगळा कालवा काढायचा की नाही, हे आमच्यावरून ठरणार होतं.

माझा मासा दारातून उतरला आणि तिसऱ्या मिनिटाला एका दांडग्या माशाने त्याला गिळलं. मी आतून जीव तोडून ओरडलो. बाहेर ऐकू गेलं ते तेच : ‘सत्तेचाळीस, सत्तेचाळीस.’

दांडगा दारापाशीच घिरट्या घालायचा. पाण्याखालचे माइक माझी हाक टिपून ऑफिसातल्या पडद्यावर दाखवायचे, आणि तिकडे मोठे साहेब ते बघून खूश.

“केवढा धीट आहे बघा. चार दिवस प्रवाहाच्या उलट पोहतोय. वेगळा कालवा हवाय कशाला?”

“सर, वीतभर मासा एवढा दम कुठून आणेल?” ताईंनी विचारलं.

“जिद्द आहे त्याच्यात,” साहेब म्हणाले. अहवालात त्या जिद्दीवर अख्खं पान आलं.

रविवारी दांडगा गळाला लागला. गळ ताईंच्या बाबांचा. बाबा निवृत्त पोस्टमन, चष्मा शोधत बसण्यापेक्षा अंदाजाने काम उरकणारे. मासा साफ करताना मी ओट्यावर घरंगळलो. “माझी बीपीची गोळी इथे कशी पडली?” असं पुटपुटत त्यांनी मला पाण्याबरोबर घेतलं.

संध्याकाळी बाबा कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसले होते. ताईंना पाण्याखालचा माइक तपासायचा होता. त्यांनी तो त्याच टबात सोडला. नेमका तेव्हाच माझ्या लेपाचा शेवटचा पापुद्रा गेला.

पडद्यावर उमटलं : सत्तेचाळीस खाल्ला गेला.

ताईंनी टबात पाहिलं. मग हळूहळू वर.

“बाबा, तुम्ही काय खाल्लंत?”

“मासा. तुझ्यासाठी शेपटीकडचा तुकडा ठेवलाय.”

“आणखी?”

“बीपीची गोळी.”

“ती डबीत तशीच आहे.”

बाबांनी दचकून पाय बाहेर काढले. हाक बंद. “परत ठेवा,” ताई म्हणाल्या. हाक सुरू. तासभर बाबा पाय आत-बाहेर करत होते.

“म्हणजे मी आता पुरावा का?” त्यांनी विचारलं. आवाजात जरा अभिमानच होता.

दुसऱ्या दिवशी अहवालावर सह्या व्हायच्या होत्या.

“हे घालू नका,” साहेब म्हणाले. “लोक हसतील.”

“हसू देत, सर. मला आठ दिवस द्या.”

ताईंनी साठही जणांचे मार्ग पुन्हा तपासले. धीट ठरलेले एकोणतीस मासे कधीच कुणाच्या तरी पोटात गेले होते. कालवा मंजूर झाला. माझ्या नावापुढे नोंद आली : ‘प्रथम मोठ्या माशाने, नंतर संशोधिकेच्या वडिलांनी भक्षण केले.’ खाली साहेबांची सही. बाबांनी ते पान फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय.

बाबांनी गिळल्यावर तीन दिवसांनी मी बाहेर आलो होतो. तो प्रवास सांगत नाही. आता ताईंच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात पडून आहे. बॅटरी संपत आलीय, म्हणून एकच विनंती. जिद्दीचं ते पान खोडलं गेलंय, पण त्या जागी काहीच लिहिलेलं नाही. तिथे माझ्या माशाबद्दल एक ओळ लिहा. पाणी अंधारलं तेव्हा तो माझ्याभोवती आकसला होता आणि त्याचं काळीज माझ्या हाकेपेक्षा जोरात वाजत होतं.