सहाव्या फेरीपर्यंत

मित्रांनो, दुरून मी तुम्हाला शर्टाचं बटण वाटेन, पण मी एक जुनी लाकडी सोंगटी आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या एका चित्रकलेच्या मास्तरांनी मला मोडक्या खुर्चीच्या पायातून कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि निळा रंग दिला. मास्तरांना लढायांचे खेळ रचायचा भारी नाद. जेवणाच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला, मधोमध किल्ला काढला आणि मला आत ठेवलं. मी किल्ल्याची शिबंदी, म्हणजे आतली फौज. बाहेर लाल सोंगट्यांचा वेढा.

अट साधी होती. किल्ला राखला तर निळे जिंकले, पडला तर लाल. लाल बाजू मास्तरांची, निळी त्यांच्या लेकीची. ती दर रविवारी बापाकडे यायची, ती या खेळासाठीच. किल्ला दर वेळी पडायचा. मला ना पुढे सरकायला जागा, ना मागे. लाल सोंगट्या चारी बाजूंनी भिडल्या की फासे पडायची वाट बघत बसायचं. जीव गुदमरायचा हो माझा. लेक कुरकुरली की मास्तर म्हणायचे, खऱ्या लढाईतही हा किल्ला पडलाच होता, त्याला मी काय करू?

एकदा तिची समजूत काढायला त्यांनी माझ्या जोडीला आणखी निळ्या सोंगट्या दिल्या. मग किल्ला पडेचना आणि मास्तरच वैतागले. त्या सोंगट्या त्यांनी मुकाट्याने काढून घेतल्या. लेकीचं येणं कमी झालं, मग बंदच पडलं. मी डब्यात गेले. झाकण घट्ट, आत मिट्ट काळोख. टेबलावर मास्तरांच्या एकट्याच्या ताटवाटीचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

शेवटी त्यांनीच फोन केला. लेक आली, पण म्हणाली, "बाबा, आज किल्ल्यात तुम्ही बसायचं."

मास्तर हसत निळ्या बाजूला बसले. इतक्या वर्षांत ते माझ्या बाजूला कधी बसलेच नव्हते. सहाव्या फेरीत मी पडले. पुन्हा डाव मांडला, पुन्हा पडले. मास्तरांनी फासे आपटले आणि बोलून गेले, "हरायचंच ठरलंय तर बसायचं कशाला?"

"म्हणूनच मी येत नव्हते," लेक म्हणाली. "किल्ला पडू दे ना. पण गावातली माणसं निसटेपर्यंत शिबंदीने वेळ काढला, असं तुम्हीच सांगायचात. मग किती टिकली, ते मोजा की."

मास्तर ओशाळले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि अटीत 'पर्यंत' आणला: ठरल्या फेरीपर्यंत किल्ला राखला, की निळे जिंकले. पाचव्या फेरीपर्यंत राखणं फार सोपं गेलं, सातवीपर्यंत फार अवघड. सहावीवर मात्र दोघांनाही घाम फुटला.

आता लेक दर रविवारी येते आणि निळ्या बाजूसाठी बापलेकीत भांडण लागतं. माझं विचाराल, तर जिंकले तरी मी किल्ल्यातच असते. बाहेर पडायची वाट कुठल्याच नियमात नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. कुणाला कोंडीत बसवण्याआधी एकदा स्वतः तिथे बसून बघा. मी सोंगटी, ठेवाल तिथे राहीन. माणूस उठून निघून जातो.