सुनेच्या शब्दावर बेल

माझी सून भूमिका देव मानत नाही. मी लपवत नाही, लपवून राहणार बी कुठं? लग्न होऊन आली त्याच श्रावणात मला विचारते, "आई, उपास तुम्ही करता, पण पुण्य मिळालं हे कळतं कसं?" मी म्हटलं, "कळत नाही, मिळतं." तर म्हणे, "मग पुरावा काय?" घ्या! आमच्या जैनाबादेत सासूला पुरावा मागणारी पहिलीच सून ही. किती भांडलो आम्ही! माझी जीभ बी काही कमी नाही.

पण एक सांगते. इतक्या वर्षांत ह्या पोरीनं माझ्याशी एक खोटा शब्द काढला नाही. दूध उतू गेलं तर "माझ्या हातून गेलं" म्हणते. मी रोज माळ जपते, अन् दूध उतू गेलं की मांजरावर ढकलते.

तर झालं असं. गेल्या माघात नंदकुमारच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली, मंगळवारी दिवस मावळताना. हा नंदकुमार आमच्या बाजूचा शेतवाला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. म्हणाला, "लोटूनं नेली, मी डोळ्यांनी पाहिलं." लोटू आमच्याकडं केळीचे घड कापायला येतो. एकदा चोर ठरला की ह्या पट्ट्यात त्याला कोणी बांधावर उभं करणार नव्हतं, बिऱ्हाड उचलून गाव सोडावं लागलं असतं. तो बिचारा सांगत होता, मी त्या टायमाला चांदनी स्टेशनवर होतो, लेकीला गाडीत बसवायला. पण गरिबाचं कोण ऐकतो?

ऐकलं ते भूमिकानं. ती चांदनीच्या शाळेत शिकवते, संध्याकाळच्या पॅसेंजरनं घरी येते. म्हणाली, "लोटूकाका खरं बोलतायत. मी त्यांना फलाटावर पाहिलं, बोलले बी."

आता आमच्याकडं असं भांडण महादेवासमोर मिटतं. बेल उचलायचा. पिंडीवरचं पान तळहातावर घ्यायचं अन् बोलायचं. खोटं बोलेल त्याचा वंश बुडतो. भावाभावांच्या वाटण्या ह्या पानावर झाल्यात, अन् बेल उचलून बोललेलं आजवर कोणी मोडलं नाही.

रविवारी सकाळी सारा गाव देवळात जमला. गुरवानं ताट पुढं केलं. भूमिकाला पाचवा महिना होता. पदर सावरून उभी राहिली अन् म्हणाली, "मी सांगते ते खरं आहे. पण मी बेल उचलणार नाही."

झालं! एकच कालवा. नंदकुमार ओरडला, "बघा, पोटातल्या जीवाला घाबरली! खरी असती तर उचलला नसता?" आमचे हे माझ्या कानाशी दात खाऊन म्हणाले, "समजाव तिला. नाक कापलं आपलं."

मी तिच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "अगं, तुझ्यालेखी ते नुसतं झाडाचं पान ना? मग उचल की! लोटूचं घर वाचेल."

ती हळू बोललीच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, माझ्यालेखी पान आहे, पण ह्यांच्यालेखी नाही. मी उचललं तर ह्यांना वाटेल, महादेवाला भिऊन खरं बोलली. ती फसवणूक होईल. खरं सांगायला आले अन् सुरुवातच खोट्यानं करू?"

पंच म्हणाले, "मग तुझा शब्द धरता येत नाही, बाई." लोटू पायरीवर डोकं धरून बसला होता.

मला असा राग आला! आधी वाटलं हिच्यावरच आला. काय ही जिद्द! मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, खोटं बोलायचं असतं तर हिच्याइतकं सोपं कोणाला होतं? ना देवाचं भय, ना शापाचं. पान उचललं की काम फत्ते. तरी नाही उचललं. अन् हे येडे हिलाच खोटी म्हणतायत!

"आण ते ताट इकडं," मी गुरवाला म्हटलं.

"काकी, तुम्ही कुठं होता चांदनीला?" नंदकुमार म्हणाला.

"नव्हते. मी काही पाहिलं नाही. पण माझी सून म्हणते लोटू तिथं होता, म्हणजे होता. तिच्या शब्दावर मी बेल उचलते. खोटं निघालं तर माझा एकुलता लेक चंदन अन् हिच्या पोटातलं, दोघं ह्या पानावर."

माझ्यालेखी ते नुसतं पान नव्हतं, बरं का. तरी ते तळहातावर घेऊन मी हात सगळ्यांसमोर धरला.

मग मी नंदकुमारकडं वळले. "आता तू ये. पान घे अन् म्हण, लोटूचं तोंड पाहिलं."

माणूस उतावळा आहे, वाईट नाही. पान हातावर पडलं अन् घाम फुटला त्याला. "तोंड… तोंड नाही, काकी. पाठ पाहिली. खांद्यावर लाल पंचा होता."

"लाल पंचा? तो तर आमच्या ह्यांच्या बी खांद्यावर आहे!"

सगळ्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं. कोणीतरी खुदकन हसलं. पंचांनी तिथंच सांगितलं, लोटूवर आळ नाही. लोटू धावत भूमिकाच्या पाया पडायला आला, तर ही मागं सरली. "काका, असं नका करू. पाहिलं तेवढंच सांगितलं मी."

घरी येताना बायका कुजबुजत होत्या, अन् मी मान ताठ करून हिच्या बरोबरीनं चालत होते. अशी छाती भरून आली होती माझी, चंदन झाला तेव्हाच काय ती तशी आली असेल. सांगायला कसली लाज?

केळीच्या बागेपाशी ही थांबली. डोळ्यांत पाणी. "आई, तुम्ही तिथं नव्हता. पोटच्या पोराला पणाला लावलं. माझं खोटं निघालं असतं तर? तुमच्याकडं पुरावा काय होता?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला गं?" मी म्हटलं. "लग्न झाल्यापासून रोज तुला बघतेय, तो काय आहे?"

पोरीनं पदरानं डोळे पुसले. माझा हात धरून चालू लागली.

संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला अन् हात जोडून सांगितलं, "महादेवा, ही तुला मानत नाही. पण तू हिला मान."